हालचाल ओळखणारा मेंदू आणि डॉ. जॉर्ज रिडॉक

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या काही सैनिकांचे डोळे शाबूत होते, तरी समोरच्या दृश्याचा एक भाग त्यांना दिसत नसे. डोळा फक्त चित्र टिपतो. त्याचा अर्थ मेंदूच्या मागच्या भागात लागायला सुरुवात होते. तोच भाग जखमी झाला होता.

लंडनच्या एम्पायर हॉस्पिटलमध्ये अशा रुग्णांना डॉ. जॉर्ज रिडॉक तपासत. १८८८ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रिडॉक अ‍ॅबर्डीनला वैद्यक शिकले होते. त्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. न दिसणाऱ्या बाजूला वस्तू स्थिर धरली, तर रुग्णाला काहीच कळत नसे. तीच वस्तू हलवली, की काहीतरी हलल्याचे तो सांगे. पण तिचा आकार किंवा रंग सांगता येत नसे. म्हणजे हालचाल जाणणे आणि आकार ओळखणे ही मेंदूची दोन वेगळी कामे असावीत. हे त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले.

त्या काळचे नामवंत मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांना ते पटले नाही. होम्स यांचा अधिकार मोठा होता, त्यामुळे रिडॉक यांचे निरीक्षण मागे पडले. मज्जारज्जूच्या दुखापतींवर मात्र रिडॉक काम करत राहिले. जर्मनीतून आलेल्या डॉ. लुडविग गटमन यांना स्टोक मँडव्हिल रुग्णालयातील केंद्र सोपवण्यात त्यांचा पुढाकार होता. पॅरालिम्पिकचे मूळ याच केंद्रात आहे. १९४७ साली रिडॉक यांचे निधन झाले.

१९८३ साली म्युनिकमधील एका रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्याने तिला वस्तू आणि रंग ओळखता येत, पण हालचाल दिसत नसे. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा वाटे. खोलीतली माणसे चालताना दिसत नसत. एकदम दुसऱ्याच जागी दिसत. रस्ता ओलांडणे तर तिला फार कठीण जाई. रिडॉक यांच्या रुग्णांची ही नेमकी उलट बाजू होती. त्यांचा तर्क बरोबर ठरला, पण तब्बल ६६ वर्षांनी.

तिन्हीसांजेला मांडवीच्या किनाऱ्यावर दुरून येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, तरी चालीवरून ओळख पटते. या साध्या गोष्टीसाठीही मेंदूचे अनेक भाग राबतात. चेहरा, शरीराची ठेवण आणि हालचाल यांसाठी वेगवेगळे भाग आहेत. त्यातला एखादा बिघडला, तरी बाकीचे चालू राहू शकतात.

म्हणून पक्षाघातानंतर घरचा माणूस एकाच बाजूच्या दाराला धडकत असेल, ताटातले अर्धेच जेवत असेल किंवा आवाजाने ओळखतो पण चेहऱ्याने ओळखत नसेल, तर त्याला वेंधळा किंवा विसरभोळा समजू नये. चष्मा बदलूनही फरक पडत नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि असा त्रास अचानक सुरू झाला, तर वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.