माईक नव्हता, तरी तबला घुमायचा! उस्ताद अहमदजान थिरकवा यांची कहाणी

हिंगोली : नर्सी नामदेवपासून औंढ्यापर्यंत गावोगावी भजन रंगतं. तबला ऐकू आला नाही की लगेच माईकचा आवाज वाढवला जातो. पण माईकच नव्हता, त्या काळात उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी तबल्याचा गोड आवाज महाराष्ट्राला ऐकवला.

थिरकवा मूळचे उत्तर प्रदेशातील मुरादाबादचे. वडील हुसेन बख्श सारंगी वाजवायचे. लहानपणीच ते मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे तबला शिकायला आले. तिथं वर्षानुवर्षं रियाज केला. बोटं तबल्यावर अशी नाचायची की ‘थिरकवा’ हेच नाव पडलं.

पुढं ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत आले. ही कंपनी १९१३ साली निघाली होती. बालगंधर्व साथीला पैसा कमी पडू देत नसत. सारंगीला कादरबख्श, तबल्याला थिरकवा, अशी जोडी होती. नाटकगृहात लोक गाण्याइतकाच तबला ऐकायला यायचे.

त्यांच्या वादनात जोरापेक्षा बोटाची जागा महत्त्वाची. ‘ना’ चाटेवर, ‘तिट’ शाईवर. बोट पडलं की लगेच उचललं पाहिजे, दाबून ठेवलं की नाद मरतो. प्रत्येक बोल सुटा, स्वच्छ ऐकू यायचा.

वाद्यही तसंच लागतं. खैर किंवा शिसवाचं खोड, एकसारखी बसलेली शाई, ताणलेली वादी. स्वर जास्त उतरला असेल तर हातोडीनं गट्टे ठोकायचे, थोडा फरक असेल तर गजऱ्यावर हलकेच मारायचं. पुडीच्या सगळ्या बाजूंनी स्वर एकच यायला हवा. ओल लागली की पुडी उतरते, म्हणून पावसाळ्यात तबला झाकून कोरड्या जागी ठेवावा.

थिरकवा पुढं रामपूर दरबारी होते. नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. लालजी गोखले, भाई गायतोंडे हे मराठी शिष्यही त्यांनी घडवले. १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आज मोबाईलवर ऐकायला मिळतात. भजनी मंडळातल्या पोरांनी त्या जरूर ऐकाव्यात. बेसूर तबला माईकवर लावला तर तो मोठ्यानं बेसूरच वाजतो. म्हणून आधी तबला सुरात लावा, बोट जागेवर पडू द्या, मग माईक.