नागझिऱ्याचे पाहुणे : कै. व्यंकटेश माडगूळकर

रामनवमीला गावोगावच्या देवळांतून ‘गीतरामायण’ ऐकू येते. ते रचणारे कविवर्य ग. दि. माडगूळकर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचेच धाकटे बंधू कै. व्यंकटेश माडगूळकर. आकाशवाणीची सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि आपल्या नागझिऱ्याच्या रानाची ओळख साऱ्या महाराष्ट्राला करून दिली.

त्यांचा जन्म ६ जुलै १९२७ रोजी माडगूळ या गावी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. माणदेशचा हा मुलूख कायम दुष्काळी. तेव्हा तो औंध संस्थानात मोडत असे आणि वडील संस्थानच्या नोकरीत होते. घरची परिस्थिती बेताची होती. १९४२ च्या चळवळीत व्यंकटेशरावांनी उडी घेतली आणि शिक्षण अपुरेच राहिले. काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत मास्तरकीही केली. इंग्रजी वाचनाची गोडी त्यांनी स्वतःच्या कष्टाने लावून घेतली. ‘माणदेशी माणसे’ हे त्यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. गावातील साधी, गरीब माणसे त्यात जशीच्या तशी उतरली होती.

१९५५ साल त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले, आणि त्याच वर्षी ‘बनगरवाडी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. धनगरांच्या लहानशा वाडीवर एक तरुण मास्तर येतो. लोकांच्या अंगमेहनतीतून तेथे तालीम उभी राहते, खुद्द राजेसाहेब ती पाहायला येतात. पण पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. ज्यांनी घाम गाळून तालीम बांधली, त्यांनाच पोटासाठी गाव सोडावे लागते. खेड्याचे हे दुःख त्यांनी कोठेही आरडाओरडा न करता सांगितले. या कादंबरीवर १९९५ साली अमोल पालेकर यांनी चित्रपट काढला.

नोकरी शहरात, पण काम खेड्यातील श्रोत्यांसाठी. शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलायचे, तर ती बोली अंगवळणी असावी लागते. व्यंकटेशरावांना ती जन्मापासून होती. म्हणून नोकरी आणि लेखन यांचे त्यांच्या बाबतीत भांडण झाले नाही.

तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. पुढे बंदूक बाजूला पडली; वही आणि दुर्बीण घेऊन ते रानात जाऊ लागले. याच ओढीने ते नागझिऱ्याला आले. हे रान १९७० साली अभयारण्य झाले होते. गोंदिया जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. रानात मुक्काम करून त्यांनी जनावरे, पाखरे, झाडे निरखली आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. मोह वेचायला आणि तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या आपल्या लोकांना रान नवे नाही. परंतु रोज दिसते त्याचे मोल कळायला कधी कधी पाहुणा यावा लागतो. तो पाहुणा व्यंकटेशरावांच्या रूपाने आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला.

वानरांच्या टोळ्यांतील झगड्यावरील ‘सत्तांतर’ या कादंबरीस १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९९९ साली जनस्थान पुरस्कार लाभला. २८ ऑगस्ट २००१ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

बनगरवाडीची तालीम लोकांनी बांधली, तशीच गावोगावची देवळे लोकांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभी राहतात. वास्तू उभी करणे अवघड खरे. पण तिच्या ओट्यावर माणसे टिकून राहतील असे गाव राखणे त्याहून अवघड. शेत पिकते राहिले, तळ्यात पाणी राहिले, रान हिरवे राहिले, तरच तरुण गावात राहतील आणि देवळात सांजवात लागेल. व्यंकटेशरावांच्या पुस्तकांतून गावाने घ्यावा असा बोध हाच आहे.