कै. कुसुमावतीबाई देशपांडे

वऱ्हाड-नागपूरने मराठी वाङ्मयास ज्या विदुषी दिल्या, त्यांत कै. कुसुमावतीबाई देशपांडे यांचे स्थान आम्हांस सर्वांत वरचे वाटते. त्यांचा जन्म १९०४ साली अमरावतीस जयवंत घराण्यात झाला. मुलीस चार अक्षरे आली म्हणजे पुरे, असे मानणाऱ्या त्या काळात घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांस पुण्याच्या हुजूरपागा शाळेत धाडले. पुढे नागपुरास पदवी मिळवून त्या विलायतेस गेल्या व १९२९ साली लंडन विद्यापीठाची इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन परतल्या. त्याच वर्षी कवी 'अनिल' यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वीचा उभयतांचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने पुढे प्रसिद्ध झाला आहे. आपल्या शेजारच्या नागपुरातच त्यांनी पुष्कळ वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले.

परंतु आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते त्यांच्या कथांविषयी. तत्पूर्वीच्या मराठी गोष्टींतील स्त्री बहुधा वाचकाने कीव करावी अशीच असे. गांजलेली विधवा, नाही तर छळलेली सासुरवाशीण. लेखक सुधारक, आणि ती त्याच्या युक्तिवादाचा पुरावा! १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या पुस्तकात शिकलेली मुलगी स्वतःच बोलू लागली, तेव्हा केवढा गदारोळ उडाला! ते नावही टोपणनाव होते. कुसुमावतीबाईंचा 'दीपकळी' हा संग्रह पुढल्याच वर्षी, त्यांच्या स्वतःच्या नावाने निघाला. त्यात संतापाचा सूर नाही. घटना थोडी, मनाचा व्यापार फार. त्यामुळे गोष्टीत काही घडतच नाही, अशी तक्रार एखादा वाचक करील. आम्हांस मात्र तेच त्यांचे सामर्थ्य वाटते. 'दीपदान' व 'मोळी' या पुढील संग्रहांत सुशिक्षित घराच्या उंबरठ्याबाहेरील कष्टकरी माणसेही येतात. मोळी म्हणजे काय, हे भंडाऱ्याच्या मुलांस सांगावयास नको. परंतु ती डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या मनात काय चालले असेल, हा विचार आपल्यापैकी किती जणांस शिवतो?

१९६१ साली ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. १८७८ पासून चालत आलेल्या त्या परंपरेत अध्यक्षस्थानी बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या. दुसरी स्त्री, दुर्गाबाई भागवत, त्या आसनावर येईपर्यंत १९७५ साल उजाडले.