निळ्या बाळांची आई : डॉ. हेलन टॉसिग

माझ्या लहानपणी माहेरी चुलत्यांचा एक मुलगा होता. चार पावले धावला की तो उकिडवा बसे आणि त्याचे ओठ जांभळे पडत. वडील माणसांना वाटे, पोराला दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, पण सहाव्या वर्षी पोर हातचे गेले. त्या दुखण्यावरचा उपाय एका बाईने केव्हाच शोधला होता, हे मला फार उशिरा कळले. त्या बाईंची हकीगत आज वर्धापनदिनी सांगते.

हेलनबाईंचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज गावी झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. हेलन अकरा वर्षांची असताना आई क्षयाने वारली. मुलीला वाचताना अक्षरे लागत नसत. वडिलांनी जवळ बसवून धीराने शिकविले. पुढे तिने डॉक्टर व्हायचे मनात घेतले, तर हार्वर्डमध्ये त्या काळी बायकांना वैद्यकीची पदवी मिळत नसे. मग ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकली आणि १९२७ साली डॉक्टर झाली. १९३० साली तेथील मुलांच्या हृदयविकाराचा दवाखाना तिच्याकडे आला.

पण त्याच सुमारास तिचे कान अधू होत गेले. हृदयाचा डॉक्टर आणि ठोके ऐकू येईनात! बाईंनी हार मानली नाही. त्या लोकांच्या ओठांवरून बोलणे ओळखू लागल्या. बाळाच्या छातीवर हात ठेवून बोटांनी ठोके जाणू लागल्या. क्ष-किरणाच्या पडद्यावर हृदयाचा आकार पाहून दोष ओळखू लागल्या.

काही बाळांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतःच भोक असते व फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. रक्त पुरते शुद्ध होत नाही, म्हणून ओठ व नखे निळी पडतात. आईच्या पोटात असताना बाळाला एक जोडनळी असते, ती जन्मानंतर थोड्याच दिवसांत मिटते. ती मिटली की अशी बाळे अधिकच निळी होतात, हे बाईंनी हेरले. मग अशी नळी नव्याने का करू नये? बोस्टनच्या एका नामांकित सर्जनला त्यांनी विचारले, पण त्यांनी मनावर घेतले नाही.

पुढे डॉ. ब्लॅलॉक यांनी ते काम अंगावर घेतले. त्यांचे मदतनीस व्हिव्हियन थॉमस हे काळ्या वर्णाचे, सुताराचे चिरंजीव. डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण कुत्र्यांवर प्रयोग करून शस्त्रक्रियेची रीत त्यांनीच बसविली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती झाली. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडली. ती मुलगी काही महिनेच जगली. पण तिसऱ्या खेपेच्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मग देशोदेशींचे आईबाप लेकरे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. आपल्या डॉ. पद्मावतीही बाईंच्या हाताखाली शिकून आल्या व दिल्लीत हृदयरोगाचे मोठे काम उभारले.

१९६२ साली झोपेच्या एका गोळीमुळे जर्मनीत हातपाय नसलेली मुले जन्मत आहेत असे कळताच बाई तेथे गेल्या, आणि परतून आपल्या देशाला सावध केले. त्यांनी लग्न केले नाही. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आता हृदय उघडून तो दोषच दुरुस्त करता येतो. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. आपल्या वडगाव रासाईच्या प्रत्येक आईने त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. बाळ अंगावर पिताना दमते, घामाघूम होते, वजन धरत नाही, ओठ निळे पडतात, खेळता खेळता उकिडवे बसते, यातले काहीही दिसले तर तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. दृष्ट काढायची तर काढा, पण दवाखाना चुकवू नका.

ज्या बाईला ऐकू येत नव्हते तिने बाळांचे दुखणे हाताने आणि डोळ्यांनी ओळखले. आपल्याला तर देवाने कानही धड दिले आहेत.