हाफकिन यांनी निम्मे गाव टोचले तेव्हा

सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगनेच गेल्या. पुढे सातारा, सांगली, मिरज भागातही साथ आली की लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहत. रोगावर औषध नव्हते. लस मात्र दोनच महिने आधी मुंबईत तयार झाली होती.

ती करणारे वाल्डेमार हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते. १८६० मध्ये ओडेसात ज्यू कुटुंबात जन्म, प्राणिशास्त्राचे शिक्षण, मग पॅरिसची पाश्चर संस्था. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्ये भारतात आले. प्लेगवरची लस त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्मे कैदी टोचून घ्यायला पुढे आले. न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही. आकडे बोलके असले तरी त्यांत एक खोट होती. स्वतःहून पुढे येणारा कैदी मुळातच धडधाकट असला तर? मग श्रेय लसीचे की त्याच्या प्रकृतीचे?

हाफकिन यांना ही खोट ठाऊक असावी, कारण पुढचा प्रयोग वेगळा होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात प्लेग असतानाच त्यांनी एकेक कुटुंब समोर उभे केले. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती पाहून प्रत्येक घरातील साधारण निम्म्यांना टोचले, निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल. टोचलेल्या ५१३ जणांत ८ आजारी, ३ मृत्यू. न टोचलेल्या ४३७ जणांत २७ आजारी, २६ मृत्यू. (उरलेल्या निम्म्यांचे काय, हे आजची एथिक्स कमिटी आधी विचारेल.) तरीही कोणाला टोचायचे हे माणूसच ठरवत होता, चिठ्ठी नव्हे.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने असे सगळे आकडे एकत्र तपासले. गाव सोडून गेलेल्यांची मोजणी कच्ची, मृत्यूंच्या नोंदी अपुऱ्या, अशा उणिवा त्याने स्पष्ट मांडल्या. पण आकडे फेकून दिले नाहीत. लसीने आजार आणि मृत्यू कमी होतात, संरक्षण पूर्ण नाही आणि फायदा नेमका किती हे आकड्यात सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. चिठ्ठ्या न टाकता झालेले अभ्यास एकत्र करून उपचाराचा निवाडा करताना आजही हेच करावे लागते.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवालला एकाच बाटलीतील लसीने १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांना दोषी धरून निलंबित केले गेले. बाटली गावातच, उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन १९०७ मध्ये ते निर्दोष ठरायला पाच वर्षे गेली. ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीचे स्थान मिळाले नाही. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. रुग्णांची विभागणी नशिबावर सोपवणारी क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध ब्रिटिश चाचणी छापून आली ती त्यानंतर अठरा वर्षांनी.