खुरावरून प्राणी ओळखणारे जॉर्ज क्यूव्हिए

गाय आणि कुत्रा यांच्यातला फरक विचारला की मुलं शिंगं सांगतात, आवाज सांगतात. पायाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्या पायावरून अख्खा प्राणी कसा ओळखायचा हे ज्यांनी दाखवून दिलं, त्या जॉर्ज क्यूव्हिए यांची ही ओळख.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजी माँबेल्यार गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. घरची परिस्थिती बेताची, पण आईने लहानपणीच वाचनाची गोडी लावली. ब्यूफाँ यांच्या प्राणीविषयक ग्रंथांतली चित्रं हा मुलगा तासन् तास उतरवून रंगवत बसायचा. शिक्षण संपल्यावर नॉर्मंडीत एका घरी मुलांना शिकवण्याची नोकरी केली आणि १७९५ मध्ये ते पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आले.

पॅरिसजवळच्या माँमार्त्र टेकडीवर जिप्समच्या खाणी होत्या. तिथे दगडात अडकलेली हाडं सापडत, तीही वेगवेगळ्या प्राण्यांची एकत्र मिसळलेली. ती जुळवायची कशी? क्यूव्हिए यांचा विचार साधा होता : शरीराचे सगळे अवयव एकमेकांना धरून असतात. खूर म्हणजे बोटाच्या टोकाला आलेलं जाड नख. त्याने भक्ष्य पकडता येत नाही, म्हणून असा प्राणी मुख्यतः वनस्पतींवर जगणार आणि त्याच्या दाढा चावून दळण्याजोग्या सपाट असणार. पुढचे पाय फक्त चालण्या-पळण्यासाठी, म्हणून हासळीचं हाडही नसतं. या रीतीने त्यांनी त्या ढिगातून पॅलिओथेरियम हा नामशेष झालेला तीन बोटांचा खुरी प्राणी पुन्हा उभा केला. पृथ्वीवरून प्राण्यांच्या जाती कायमच्या नाहीशा होतात, हे त्या काळी अनेकांना न पटणारं सत्य अशा पुराव्यांमुळे मान्य होऊ लागलं.

त्यांच्याबद्दल एक गंमत सांगतात. रात्री एक विद्यार्थी सैतानाचं सोंग घेऊन खाऊन टाकण्याची धमकी देत आला. क्यूव्हिए यांनी शिंगं आणि खूर पाहिले, हा तर गवत खाणारा म्हणाले आणि कूस बदलून झोपले! गोष्ट खरी असो वा रचलेली, धडा त्यात पुरेपूर आहे.

पण मोठी माणसंही चुकतात. जाती बदलत नाहीत, असं ते शेवटपर्यंत मानत राहिले. घोडा आणि हत्ती यांना त्यांनी एकाच गणात बसवलं. १३ मे १८३२ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे १८४८ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी बोटं मोजून नीट विभागणी केली : घोडा, गेंडा हे विषमखुरी, तर गाय, शेळी, हरिण, डुक्कर हे समखुरी. डुक्कर मात्र रवंथ करत नाही आणि मिळेल ते खातं. म्हणजे नियम शिकवताना अपवादही दाखवायलाच हवा.

मुलांना गोठ्यात नेऊन एवढं दाखवा. गाय बोटांच्या टोकांवर उभी असते. मागच्या पायाचा जो उलटा गुडघा वाटतो, ती तिची टाच आहे. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खूर किती भागांचा, ते मुलांनाच मोजू द्या. पाठ केलेली व्याख्या विसरली जाते, स्वतः मोजलेली बोटं नाही!