मुळीपासून औषधापर्यंत

कोकण-गोमंतकाच्या रानात झाडांच्या सावलीला वाढणारे एक लहानसे झुडूप आहे. फुले पांढरी-गुलाबी, फळे पिकल्यावर काळी पडणारी आणि मुळी कमालीची कडू. संस्कृतात तिला सर्पगंधा म्हणतात, मराठीत अडकई. सर्पदंश, ताप, निद्रानाश आणि उन्माद यांवर ही मुळी या देशात शतकानुशतके दिली गेली. तिला आधुनिक वैद्यकात स्थान मिळवून देणाऱ्यांत मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे स्मरण केवळ अभिमानापोटी करावयाचे नाही. प्रयोगशाळेतील शोध आणि खाटेवरचा रोगी यांच्यामधील अंतर कसे तोडावे, याचा त्यांचे चरित्र हा वस्तुपाठ आहे.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. तेथे नाव कमावण्याची संधी असताना ते मायदेशी परतले आणि मुंबईत हृदयरोगाच्या चिकित्सेला त्यांनी वाहून घेतले. परळच्या केईएम रुग्णालयाशी त्यांचा निकटचा संबंध होता. संधिवातज्वराने जडणाऱ्या हृदयविकारावर त्यांनी काम केले आणि हृदयविकाराच्या तीव्र झटक्याआधी शरीर जी पूर्वसूचना देते, तिचाही बारकाईने अभ्यास केला.

त्या काळी उच्च रक्तदाब ओळखता येत असे. त्यावर खात्रीचा उपाय मात्र नव्हता. विश्रांती, मीठ बंद, केवळ भात आणि फळे यांचा कंटाळवाणा आहार, नाहीतर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग वैद्यांच्या हाती होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने वारले. कित्येक वर्षे त्यांचा रक्तदाब चढत होता आणि जगातील उत्तमोत्तम डॉक्टर जवळ असूनही तो उतरविणारे औषध कोणापाशी नव्हते.

आपल्या देशात मात्र त्या औषधाची चाहूल आधीच लागली होती. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले गेले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असे नमूद केले. पुढे तिच्या गोळ्याही बाजारात आल्या. तरीही बाहेरच्या जगाने तिची दखल घेतली नाही. रसायनशास्त्रज्ञांजवळ स्फटिक होते, वैद्यांजवळ अनुभव होता. परंतु दोहोंना जोडणारी शिस्तबद्ध नोंद नव्हती.

डॉ. वकील यांनी नेमके हेच काम केले. कोणतेही उघड कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाचे ५० रोगी त्यांनी निवडले. औषधापूर्वीचा रक्तदाब मोजला, मुळीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा मोजणी केली आणि परिणाम व दुष्परिणाम दोन्ही टिपून ठेवले. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. हा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. स्वराज्याला तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती.

तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रोग्यांवर आजमावले आणि त्याची उपयुक्तता मान्य केली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळे केले. म्हणजे येथे वाट उलटीही चालली. रोग्याच्या खाटेशी झालेल्या नोंदीने प्रयोगशाळेला पुढचा रस्ता दाखविला. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

कथा एवढ्यावर संपत नाही. रिसर्पिन दीर्घकाळ घेणाऱ्या काही रोग्यांना खिन्नतेने ग्रासले, काहींचे नाक चोंदू लागले. मात्रा कमी करावी लागली आणि नवी औषधे आल्यावर हे औषध मागे पडले. तथापि रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास पक्षाघात टळतो, हे अमेरिकेत १९६७ आणि १९७० साली ज्या चाचण्यांनी सिद्ध झाले, त्यांत दिलेल्या औषधांपैकी एक रिसर्पिन होते. आज घरोघरी सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली जाते. तिच्यामागील विश्वासाच्या पायात या मुळीचाही एक दगड आहे.

आपल्याकडे आजही दोन टोके दिसतात. जे जे आपल्या पूर्वजांचे ते ते तपासण्याची गरजच नाही, असे एक पक्ष मानतो. परदेशातून शिक्का मारून आल्यावाचून आपल्या रानातील पानाकडे दुसरा ढुंकूनही पाहत नाही. डॉ. वकील या दोन्ही पक्षांत बसत नव्हते. त्यांनी मुळीचा उदोउदो केला नाही आणि तिला हिणविलेही नाही. त्यांनी तिची परीक्षा घेतली. परीक्षा झाली म्हणूनच तिचा गुण जगाला पटला. मात्रा किती आणि धोका कोठे, हेही अशा परीक्षांतूनच हळूहळू कळत गेले. म्हणून ही मुळी उपटून स्वतःच्या मनाने घेणे हा परंपरेचा आदर नव्हे, ते जिवाशी खेळणे आहे.

औषधासाठी झालेल्या बेसुमार खोदाईने ही वनस्पती रानातून विरळ होत गेली. तिची लागवड आणि रक्षण ही शासनाची व आपली जबाबदारी आहेच. परंतु रोग्याजवळ बसून धीराने मोजणारा, पाहिले तेच लिहिणारा आणि लिहिलेले जगापुढे तपासणीस ठेवणारा डॉक्टर याहून विरळ आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तसे डॉक्टर घडविण्यासाठी वेळ, पैसा आणि प्रतिष्ठा खर्ची घातली पाहिजे. औषधाचे संशोधन रोग्यापर्यंत पोहोचते ते अशांच्याच हातून.